मूळ अवयव आणि ‘कोड गोल्फ’ : सर्वांत लहान आज्ञावलीचे गणित

एक संख्या दिली आहे. तिचे मूळ अवयव पाडणारी संगणकीय आज्ञावली लिहायची आहे आणि ती शक्य तितक्या कमी अक्षरांत बसवायची आहे. ‘कोड गोल्फ’ या नावाने जगभर खेळल्या जाणाऱ्या बौद्धिक खेळातील हे एक जुने आणि लोकप्रिय आव्हान. गोल्फमध्ये जो कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालतो तो जिंकतो. येथे कमीत कमी अक्षरांत जो अचूक उत्तर काढतो त्याची सरशी होते.

वरवर पाहता हा निव्वळ विरंगुळा वाटतो. परंतु हे आव्हान ज्या गणितावर उभे आहे, त्याच गणितावर आजच्या डिजिटल व्यवहारांतील गुप्ततेचा मोठा भाग विसंबून आहे. अवयव पाडण्याची कृती सांगायला अत्यंत सोपी, पण मोठ्या संख्यांच्या बाबतीत पार पाडायला अत्यंत कठीण आहे. सांगणे आणि पार पाडणे यांतील हे अंतर समजून घेण्यासाठी या खेळाइतके सुटसुटीत साधन क्वचितच सापडेल.

मूळ संख्या आणि मूळ अवयव

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. उदाहरणार्थ २, ३, ५, ७, ११, १३. एकापेक्षा मोठी असलेली इतर प्रत्येक संख्या संयुक्त होय. ती मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात मांडता येते. ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ ही मांडणी शाळेत लसावि-मसावि काढताना प्रत्येकाने केलेली असते.

या मांडणीचे वैशिष्ट्य असे की, क्रम सोडला तर ती एकमेव असते. ३६० चे मूळ अवयव कोणीही, कोणत्याही रीतीने काढले, तरी हाती हेच सहा अवयव येतील. या विधानाला अंकगणिताचे मूलभूत प्रमेय म्हणतात. त्याची पायाभरणी इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिड यांच्या ग्रंथात झालेली दिसते; त्याची नेमकी मांडणी आणि सिद्धता कार्ल फ्रिडरिश गाउस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली. १ ही मूळ संख्या का मानत नाहीत, याचे उत्तरही येथेच मिळते. १ ला मूळ मानले, तर कोणत्याही मांडणीत हवे तितके एक घालता येतील आणि एकमेवपणा उरणार नाही. म्हणूनच कोड गोल्फच्या आव्हानात १ ही संख्या दिली असता रिकामी यादी हे बरोबर उत्तर धरले जाते.

खेळाचे नियम आणि त्याची परंपरा

कोड गोल्फ हे नाव १९९० च्या दशकाच्या अखेरीस पर्ल या संगणकभाषेच्या वापरकर्त्यांत रूढ झाले. थोडक्यात पुष्कळ सांगण्याची हौस मात्र त्याहून जुनी आहे. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या एपीएल या भाषेत एकेका चिन्हात संपूर्ण क्रिया सामावलेली असे, आणि एका ओळीत सबंध आज्ञावली लिहिणे हे तिच्या जाणकारांना भूषण वाटे. आपल्याकडे ही वृत्ती अपरिचित नाही. अर्धी मात्रा वाचली तरी संस्कृत वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे परंपरेने म्हटले जाते. सूत्ररचनेमागचा तो ध्यास आणि एक अक्षर वाचवण्यासाठी रात्र जागवणारा आजचा गोल्फपटू यांच्यात वृत्तीचे साम्य सहज जाणवते.

गुणांकन सहसा अक्षरांच्या संख्येवर नसून बाइटच्या संख्येवर होते. रोमन लिपीतील साधे अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील ‘न’ या अक्षराला प्रचलित यूटीएफ-८ संकेतप्रणालीत तीन बाइट लागतात. पायथॉन या भाषेत चलाचे नाव देवनागरीत ठेवण्याची मुभा आहे. परंतु स्पर्धेत तसे केल्यास प्रत्येक वापरामागे दोन बाइटचा भुर्दंड पडतो.

भाषेगणिक अंतर फार मोठे असते, म्हणून चुरस प्रामुख्याने एकाच भाषेतील उत्तरांमध्ये धरली जाते. आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० मध्ये पुढे आणलेल्या जे या भाषेत मूळ अवयव काढणारी क्रिया अंगभूतच आहे आणि ती दोन चिन्हांत लिहिता येते. लिनक्स प्रणालीवर त्यासाठी सहा अक्षरांची तयार आज्ञा असते. केवळ गोल्फसाठीच घडवलेल्या भाषाही आहेत. ‘गोल्फस्क्रिप्ट’ ही त्यांपैकी सुरुवातीची. त्यामुळे अनेक स्पर्धांत अंगभूत क्रिया वापरण्यास मनाई केली जाते. तेव्हा कुठे खरा विचार सुरू होतो.

सर्वांत साधी रीत

अंगभूत साधन नसताना गोल्फपटू बहुधा पुढील कृतीकडे वळतो :

१. विभाजक म्हणून २ घ्या.
२. संख्या १ झाली असेल, तर थांबा.
३. विभाजकाने संख्येला निःशेष भाग जात असेल, तर तो विभाजक लिहून काढा आणि संख्येच्या जागी भागाकार घ्या.
४. भाग जात नसेल, तर विभाजक एकाने वाढवा.
५. पुन्हा दुसऱ्या पायरीकडे जा.

पायथॉनमध्ये ही सबंध कृती सत्तरहून कमी अक्षरांत बसते. येथे एक शंका साहजिकच मनात येते. आलेला विभाजक मूळ आहे की नाही, हे या कृतीत कोठेच तपासलेले नाही. मग ४, ६, ९ यांसारखी संयुक्त संख्या उत्तरात कशी शिरत नाही? उत्तर असे की, विभाजक ४ पर्यंत पोहोचतो तोवर संख्येतील सर्व २ आधीच काढून टाकलेले असतात. ज्या संख्येत एकही २ उरलेला नाही, तिला ४ ने भाग जाणारच नाही. लहानापासून मोठ्याकडे जाताना पहिल्यांदा जो विभाजक लागू पडतो, तो मूळच असतो. तपासणीची अक्षरे गाळता येतात ती या कारणाने. गोल्फमधील उत्तम बचत अशीच असते. तिच्यामागे एखादे लहानसे प्रमेय उभे असते.

निव्वळ मूळ संख्या ओळखण्याच्या आव्हानातही असेच एक प्रमेय कामी येते. जॉन विल्सन यांच्या नावाने ओळखले जाणारे ते प्रमेय एडवर्ड वेअरिंग यांनी १७७० मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याची सिद्धता लाग्रांज यांनी १७७१ मध्ये दिली. एखाद्या संख्येच्या आधीच्या सर्व संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवला आणि त्या बेरजेला मूळ संख्येने निःशेष भाग गेला, तर ती संख्या मूळ असते, अन्यथा नसते. ७ साठी पाहा : १ × २ × ३ × ४ × ५ × ६ = ७२०, त्यात १ मिळवून ७२१, आणि ७२१ = ७ × १०३. ही कसोटी मोजक्या अक्षरांत लिहिता येते. मात्र १९८७ ही संख्या या रीतीने तपासू गेल्यास वाटेत पाच हजारांहून अधिक अंकी संख्या तयार होते. अक्षरे वाचली, पण श्रम किती वाढले!

थोडक्यात लिहिणे आणि लवकर करणे

श्रमांचा हिशेब नेमका मांडण्यासाठी गोव्याच्या वाचकाला परिचित अशी दोन वर्षे संख्या म्हणून घेऊ : मुक्तीचे १९६१ आणि घटक राज्याच्या दर्जाचे १९८७.

१९६१ ही संयुक्त संख्या असून तिचे मूळ अवयव ३७ आणि ५३ आहेत. वरील कृती २ पासून ३६ पर्यंतचे पस्तीस विभाजक लावून पाहते आणि ते सर्व निष्फळ ठरतात. ३७ ने भाग जातो, ५३ उरतात. मग पुन्हा ३७ पासून पुढे जात ती ५३ पर्यंत पोहोचते. एकूण ५३ भागाकार.

१९८७ ही मूळ संख्या आहे. तिच्या बाबतीत तीच कृती २ पासून थेट १९८७ पर्यंत चालत राहते : १,९८६ भागाकार. वस्तुतः इतकी आवश्यकता नसते. एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिचा किमान एक विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. कारण वर्गमुळाहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार त्या संख्येपेक्षा मोठा होईल. १९८७ चे वर्गमूळ ४४ आणि ४५ यांच्या दरम्यान आहे. म्हणजे ४४ पर्यंतचे ४३ भागाकार पुरेत. त्यांतही केवळ मूळ विभाजक घेतले, तर २ पासून ४३ पर्यंतचे चौदाच.

एकच प्रश्न, आणि त्यासाठी १,९८६, ४३ किंवा १४ भागाकार. वर्गमुळाशी थांबण्याची सोय आज्ञावलीत घालायची, तर वीसएक अक्षरे वाढतात. गोल्फमध्ये वेळेला गुण नसल्यामुळे खेळाडू ती सोय निःशंकपणे गाळतो. लहान संख्यांना फरक पडत नाही; मोठ्या संख्यांना पडतो. सेकंदाला एक कोटी भागाकार करणारा संगणक घेऊ. एक लाख कोटीच्या आसपासची मूळ संख्या तपासण्यास वर्गमुळाची मर्यादा पाळणारी आज्ञावली सेकंदाचा दहावा भाग घेईल; ती न पाळणारी आज्ञावली सुमारे अठ्ठावीस तास चालत राहील. वीस अक्षरांच्या बचतीची ही किंमत आहे.

नारायण पंडितांची युक्ती

भागाकार करत राहण्याखेरीज दुसरा मार्गही आहे, आणि त्याचा एक जुना उल्लेख भारतीय गणितात सापडतो. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये रचलेल्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात अवयव शोधण्याच्या रीती दिल्या आहेत. त्यांतील एक रीत दोन वर्गांच्या वजाबाकीवर आधारलेली आहे. याच विचारावरील पद्धत पुढे सतराव्या शतकात फ्रान्समधील पिएर द फर्मा यांनी वापरली आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

रीत अशी : दिलेल्या विषम संख्येहून मोठा असा लगतचा पूर्ण वर्ग घ्यावा आणि त्यातून ती संख्या वजा करावी. बाकी हीदेखील पूर्ण वर्ग असेल, तर काम झाले. नसेल, तर पुढचा वर्ग घ्यावा. १९६१ च्या पुढचा पूर्ण वर्ग म्हणजे ४५ चा वर्ग, २०२५. त्यातून १९६१ वजा केल्यास ६४ उरतात, आणि ६४ हा ८ चा वर्ग आहे. म्हणून १९६१ = (४५ − ८) × (४५ + ८) = ३७ × ५३. ज्या कामाला भागाकाराच्या रीतीने वर्गमुळाची मर्यादा पाळूनही ३६ भागाकार लागतात, ते येथे पहिल्याच पायरीत उरकले.

अर्थात ही रीत प्रत्येक वेळी इतकी तत्पर नसते. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील, तरच ती लवकर फळते. एक अवयव फार लहान आणि दुसरा फार मोठा असेल, तर साधा भागाकारच बरा. हे निरीक्षण पुढे गुप्तलेखनाच्या संदर्भात महत्त्वाचे ठरणार आहे.

‘संयुक्त आहे’ हे कळणे आणि अवयव सापडणे

मोठ्या संख्यांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. संख्या संयुक्त आहे हे सिद्ध होते, पण तिचे अवयव हाती लागत नाहीत. फ्रेंच विद्वान मारॅं मर्सेन यांनी १६४४ मध्ये २ चा ६७ वा घात उणे १ ही एकवीस अंकी संख्या मूळ असल्याचे नमूद केले होते. एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ती मूळ नसल्याचे दाखवून दिले. मात्र तिचा एकही अवयव त्यांना सांगता आला नाही. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते अवयव मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनी फळ्यावर एका बाजूला घातांकाची किंमत काढली, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार केला आणि एक शब्दही न उच्चारता ते जागेवर जाऊन बसले, अशी आख्यायिका आहे.

ओळखणे आणि फोडणे या दोन कामांतील हा भेद २००२ मध्ये अधिक ठसठशीत झाला. कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी पद्धत शोधून काढली. अंकांची संख्या वाढली, तरी या पद्धतीला लागणारा वेळ आटोक्यात राहतो. अवयव पाडण्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी अशी पद्धत अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

खेळापलीकडचे महत्त्व

याच अडचणीचा उपयोग करून रॉन रिव्हेस्ट, आदि शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी १९७७ मध्ये आरएसए ही गुप्तलेखनपद्धती तयार केली. दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार जाहीर करायचा. संदेश कुलूपबंद करण्यास गुणाकार पुरतो. कुलूप उघडण्यास ते दोन अवयव माहीत असावे लागतात. हे अवयव एकमेकांच्या फार जवळ असून चालत नाहीत. अन्यथा वर पाहिलेली वर्गांच्या वजाबाकीची रीत कुलूप क्षणात उघडील.

त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी एक संख्या वाचकांपुढे आव्हान म्हणून ठेवण्यात आली. तिचे अवयव पाडण्यास कोट्यवधी वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या संगणकांनी मिळून ती फोडली. यंत्रे वेगवान झाली होती हे एक कारण. अवयव पाडण्याच्या रीती सुधारल्या होत्या हे त्याहून मोठे कारण. २०२० मध्ये याच मालिकेतील २५० अंकी संख्या फोडण्यात आली. आज वापरात असलेल्या आरएसए किल्ल्यांतील संख्या साधारणपणे सहाशेहून अधिक अंकी असतात.

हा भरवसा चिरंतन नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये असे दाखवून दिले की, पुरेसा मोठा पुंज-संगणक तयार झाला, तर अवयव पाडणे सोपे होईल. त्या दिवसाची पूर्वतयारी म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये मूळ अवयवांवर न विसंबणाऱ्या गुप्तलेखनपद्धतींची पहिली मानके प्रसिद्ध केली.

आव्हानाची काही रूपे

मूळ अवयवांवरील गोल्फची आव्हाने अनेक प्रकारची असतात. सर्वांत मोठा मूळ अवयव सांगा. अवयव घातांकांसह मांडा. ज्यांच्या अंकांची बेरीज मूळ अवयवांच्या अंकांच्या बेरजेइतकी येते अशा संयुक्त संख्या शोधा. अशा संख्यांना स्मिथ संख्या म्हणतात. २२ ही त्यांपैकी एक : २ + २ = ४, आणि २२ = २ × ११ असल्याने २ + १ + १ = ४. अंकांशी चालणाऱ्या अशा खेळांचा आपल्याकडील थोर जाणकार म्हणजे देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांच्या नावाने जगभर ओळखला जाणारा ६१७४ हा अंक या लेखाच्या भाषेत २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ असा लिहिता येतो.

आणखी एक रूप विशेष लक्षणीय आहे. संख्येचे मूळ अवयव चढत्या क्रमाने शेजारी शेजारी लिहायचे, तयार झालेल्या संख्येचे पुन्हा अवयव पाडायचे, आणि मूळ संख्या मिळेपर्यंत हेच करत राहायचे. १० पासून निघाल्यास २५, ५५, ५११ असे करत ७७३ या मूळ संख्येशी साखळी थांबते. ही कृती करणारी आज्ञावलीही काही मोजक्या अक्षरांत लिहिता येते. परंतु ४९ या साध्या संख्येपासून सुरू केलेली साखळी शंभराहून अधिक पायऱ्या चालूनही संपलेली नाही. कारण वाटेत इतक्या मोठ्या संख्या येतात की, त्यांचे अवयव पाडणेच अशक्यप्राय होऊन बसते.

विद्यार्थ्यांसाठी उपयोग

गोल्फमधील आज्ञावली प्रत्यक्ष कामात वापरण्याजोगी नसते, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य असते. तिच्यातील चलांची नावे एकाक्षरी असतात, वेळेचा विचार नसतो, आणि महिनाभराने स्वतः लिहिणाऱ्यालाही तिचा अर्थ लावावा लागतो. कार्यालयीन कामात आज्ञावली लिहिणाऱ्याने नेमके याच्या उलट वागावे.

शिकण्यासाठी मात्र हा खेळ उपयुक्त आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याने आपल्या जन्मवर्षाचे मूळ अवयव आधी कागदावर काढावेत, मग आज्ञावली लिहावी, तिच्यातील अक्षरे मोजावीत आणि तिने किती भागाकार केले तेही मोजावे. त्यानंतर वर्गमुळाची मर्यादा घालून दोन्ही आकडे पुन्हा मोजावेत. अक्षरांचा आकडा थोडा वाढलेला आणि भागाकारांचा आकडा बहुधा बराच उतरलेला दिसेल. हे दोन आकडे स्वतंत्र आहेत, आणि त्यांपैकी कोणता कमी करायचा हे कामाचे स्वरूप पाहून ठरवायचे असते, इतके लक्षात आले तरी या खेळाचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.